वहीतली नावं

माझी प्रार्थनेची एक वही असते. साधीच, रेघांची. डाव्या पानावर तारीख आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं लिहायची, उजव्या पानावर पुढे काय झालं ते, असा मूळ बेत होता. उजव्या पानाचा बेत पहिल्या काही महिन्यांतच बारगळला. डावं पान मात्र चालू राहिलं. अशा अकरा वह्या आता झाल्या आहेत.

मध्यंतरी कपाट आवरताना त्यातली सगळ्यात जुनी हाताला लागली आणि मी तिथेच जमिनीवर बसून ती चाळायला घेतली. त्या वहीत सगळी माणसं होती. शेजारची बाई, जिचा नवरा चौथी नोकरी सोडून घरी बसला होता. शाळेतली मैत्रीण, जिच्याशी मी दोन वर्षं अबोला धरला होता. एक डॉक्टर, ज्यांना मी जेमतेम एकदा भेटले होते आणि ज्यांचे डोळे मला फार थकलेले वाटले होते. एका नावापुढे तर कंसात लिहिलं होतं, ‘आवडत नाही, पण तरीही’.

मग मी सध्याची वही उघडली. घरातली चार-पाच नावं सोडली तर तिच्यात माणसं नव्हतीच. विषय होते. तरुण पिढी. राज्यकर्ते. भ्रष्टाचार. मोडणारे संसार. मोबाइलच्या आहारी गेलेली मुलं. एका पानावर नुसतंच ‘जग’ असं लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली होती, इतकी जोरात की मागच्या पानावर वळ उठला होता.

माणसांची वही विषयांची कधी झाली, हे माझं मलाच कळलं नव्हतं.

पहाटेची प्रार्थना मी सोडलेली नाही. फक्त तिच्याआधी आता फोन हातात येतो. गजर बंद करायला म्हणून उचलायचा आणि मग अंगठा आपोआप वर सरकत राहतो. कुणी कुणाला फसवलं, कुणी कुणाचा जीव घेतला, मरणाऱ्या माणसाचा व्हिडिओ काढत किती जण उभे होते, आणि त्या व्हिडिओखाली कोण कोण हसलं. दहा-बारा मिनिटांनी गुडघे टेकते तेव्हा मन काठोकाठ भरलेलं असतं. मग प्रार्थनेला सुरुवात होते ती अशी: ‘प्रभू, काय चाललंय हे? कुणाला लाज उरली नाही, भीड उरली नाही. आता तूच बघ.’ आणि मी देवाला बातम्या सांगू लागते. तुम्ही मागण्याआधीच तुमची गरज तुमच्या पित्याला ठाऊक असते, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगून ठेवलंय. बातम्याही ठाऊक असाव्यात.

या प्रार्थनेची मला सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर चटक लागली होती. जगाची पापं मोजायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. उठताना हलकंही वाटतं. ते हलकं वाटणं म्हणजे देवाची शांती, असा माझा कितीतरी दिवस समज होता.

काळ बिघडल्याची ओरड आपण पहिल्यांदा करत नाही, एवढं तरी पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला माहीत असायला हवं. बारावं स्तोत्र सुरूच होतं ते भक्तिमान माणूस नाहीसा झाला, विश्वासू लोक उरलेच नाहीत, अशा हाकेने. बायबलातल्या उपदेशक या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात दहावं वचन आहे. ते सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावलेलं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. आजच्यापेक्षा पूर्वीचे दिवस बरे होते ते का, असं विचारू नकोस, हे विचारणं शहाणपणाचं नव्हे, असं ते सांगतं. तिसऱ्या शतकात रोगाच्या साथीने माणसं पटापट मरत होती, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहीत होता की जग म्हातारं झालंय, त्याचा पूर्वीचा जोम ओसरलाय. त्याला २५८ साली श्रद्धेपायी ठार मारलं गेलं, तेव्हा काळाबद्दल तक्रार करायचा हक्क त्याला नक्कीच होता. जग त्यानंतरही चालूच राहिलं.

४१० साली गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी रोम लुटलं. त्यानंतरच्या वर्षांत उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टीनकडे हीच तक्रार सारखी येत असणार. त्याच्या एका प्रवचनात तो म्हणतो, लोक म्हणतात काळ वाईट आहे, कठीण आहे. आपण नीट जगलो तर काळ नीट असेल, काळ म्हणजे आपणच, आपण जसे तसा काळ. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं. एवढं शहर लुटलं गेलं, माणसं देशोधडीला लागली, आणि हा समोर बसलेल्यांनाच बोल लावतोय? आता वाटतं, समोर जे बसले होते त्यांच्याशीच तर त्याला बोलायचं होतं. गॉथ काही प्रवचनाला आले नव्हते.

घसरण हा नुसता भास आहे, असं मला म्हणायचं नाही. काही गोष्टी माझ्या डोळ्यांदेखत बिघडल्या. खोटं बोलताना चेहऱ्यावर जी एक छटा यायची ती आता येत नाही, हे मी पाहिलंय. पण घसरण कशाला म्हणायचं हे आपणच ठरवतो, आणि ठरवताना आपल्या सोयीची पापं यादीतून अलगद निसटतात. या बाबतीत मला जॉन न्यूटन आठवतो. ‘अमेझिंग ग्रेस’ हे कृपेवरचं त्याचं गीत आजही जगभर गायलं जातं. त्याच्याबद्दल प्रवचनात बहुधा एवढंच सांगतात, की तो गुलामांच्या व्यापारात होता, १७४८ साली समुद्रात वादळात सापडला, देवाला हाक मारली आणि बदलला. ऐकणाऱ्याला वाटतं, वादळ शमलं आणि त्याने तो धंदा सोडला.

त्याने तो सोडला नाही. गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान तो त्या वादळानंतर झाला. १७५० ते १७५४ या वर्षांत त्याने अशा तीन सफरी केल्या, आणि त्या काळात तो मनापासून प्रार्थना करणारा माणूस होता. रविवारी खलाशांना जमवून तो उपासना घेत असे. हे दृश्य मी कितीदा डोळ्यांसमोर आणलंय. वरच्या फळ्यांवर डोक्यावरच्या टोप्या काढून उभे असलेले खलाशी, हातात प्रार्थनेचं पुस्तक धरलेला कप्तान, आणि त्याच फळ्यांच्या खाली साखळदंडात जखडलेली, एकमेकांना चिकटून पडलेली माणसं. वरच्या प्रार्थनेचा आवाज खाली ऐकू जात असेल का? खालचा आवाज तर वर नक्कीच येत असणार.

त्या जहाजावर घसरण म्हणजे काय, असं विचारलं असतं तर शिव्या, दारू, जुगार अशी उत्तरं आली असती. ती खोटीही नव्हती. १७५४ मध्ये न्यूटनने समुद्र सोडला तोही प्रकृतीच्या कारणाने. पुढे तो पाळक झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते १७८८ साली, म्हणजे ३४ वर्षांनी. आपण एके काळी या धंद्याचं हत्यार होतो, या विचाराने आपल्याला मान खाली घालावी लागते आणि ही कबुली द्यायला फार उशीर झालाय, असं तो त्यात सांगतो. इंग्लंडच्या संसदेने १८०७ मध्ये या व्यापारावर बंदी आणली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

न्यूटन ढोंगी होता असं म्हटलं की मोकळं होता येतं. मला तसं मोकळं होता येत नाही. तो प्रामाणिक होता, म्हणूनच तो मला भीती घालतो. रोज प्रार्थना करणारा माणूस आपल्याच पायाखालचं पाप न दिसता वर्षानुवर्षं राहू शकतो. ३४ वर्षांनी का होईना, त्याला ते दिसलं, यात प्रार्थनेचा वाटा किती होता हे मला सांगता येणार नाही. पण प्रार्थना सोडली असती तर ते दिसलं असतं, असंही मला वाटत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात येशू जैतुनाच्या डोंगरावर बसून शिष्यांना शेवटच्या काळाबद्दल सांगतो. लढाया, दुष्काळ, भूमिकंप, खोटे संदेष्टे. हा अध्याय आम्हा ख्रिस्ती लोकांच्या फार आवडीचा. प्रत्येक पिढी त्याच्याशी आपलं वर्तमानपत्र ताडून पाहते. मीही पाहिलंय. पण बाराव्या वचनावरून माझी नजर नेहमी घसरत गेली होती. अनीती वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंडावेल, एवढंच ते वचन आहे.

इतकी वर्षं मी त्यातला ‘अनीती वाढल्यामुळे’ एवढाच भाग वाचत होते. अनीती वाढली, बरोबर, दिसतेच आहे, पुढे चला. पण वाक्याचं क्रियापद ‘थंडावेल’ हे आहे. आणि प्रीती कुणाची? अनीती करणाऱ्याची प्रीती थंडावेल असं म्हणण्यात काही हशील नाही, ती आधीच विझलेली. थंडावायला आधी ऊब लागते. म्हणजे हे वचन अनीती बघणाऱ्यांबद्दल आहे. रोज पहाटे फोनवर ती दहा-बारा मिनिटं बघणाऱ्यांबद्दल. त्यांच्या हातून काही भयंकर घडत नाही. ते चोरी करत नाहीत, खून करत नाहीत. ते हळूहळू गार होतात. आणि गार होताना कुणाला चटका बसत नाही, त्यामुळे कळतही नाही.

त्या अकरा वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मला ते उतरतं तापमान पानापानावर दिसलं. तिसऱ्या वहीपर्यंत नावं भरपूर. पाचवीत पहिल्यांदा ‘आजकालची मुलं’. सातवीत नावं आणि विषय निम्मे-निम्मे. नवव्या वहीत त्या ‘आवडत नाही, पण तरीही’ वाल्या माणसाचा पत्ता नव्हता. तो आवडायला लागला होता असं नव्हे. ‘तरीही’ संपलं होतं.

बायबलातल्या सदोम शहराच्या नाशाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. आकाशातून आग, मागे वळून पाहणारी बाई, मिठाचा खांब. त्याआधीचा अध्याय लोक भरभर वाचतात. त्यात अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. शहरात ५० नीतिमान सापडले तर? बरं, पाच कमी पडले तर? ४०? रागावू नकोस, ३० असले तर? २०? आता शेवटचंच बोलतो, १०? पाच वेळा तो बोली खाली आणतो, दर वेळी ‘मी केवळ धूळ नि राख, पण बोलायचं धाडस करतो’ अशा सुरात. बाजारात मुरलेल्या माणसाची चिकाटी त्याच्या अंगात आहे. आणि ही घासाघीस कुणासाठी? दुष्टपणासाठी ज्याचं नाव आजही घेतलं जातं त्या शहरासाठी.

या शहराचं पाप कोणतं, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात देवाच्या तोंडून आलंय. गर्व, भरल्या पोटाची सुस्ती, स्वस्थता, आणि गरीब-दुबळ्याला हात न देणं. घृणास्पद कृत्यांचा उल्लेख त्यानंतरच्या वचनात येतो. मला या क्रमाचं आश्चर्य वाटतं. माझ्या वहीत ‘भरल्या पोटाची सुस्ती’ हा विषय कधीच नव्हता. तो लिहायचा तर पहिलं नाव माझं लिहावं लागलं असतं.

अब्राहामाच्या अगदी उलट टोकाला योना, देवाची आज्ञा टाळून पळालेला आणि मोठ्या माशाने गिळलेला संदेष्टा. त्याची गोष्ट लहानपणी माशापाशी संपते. मोठेपणी ती चौथ्या अध्यायात सुरू होते असं मला वाटतं. निनवे शहरात जाऊन त्याने नाशाची घोषणा केली. मूळ हिब्रूत ती अवघ्या पाच शब्दांची आहे, म्हणजे योनाने गरजेपेक्षा एक अक्षरही जास्त खर्च केलं नाही. आणि लोकांनी चक्क पश्चात्ताप केला. शहर वाचलं. कोणताही प्रचारक आनंदाने नाचला असता. योना संतापला. तू दयाळू आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणूनच तर मी पळून जात होतो, असं तो देवाला सुनावतो. मग शहराच्या पूर्वेला जातो, आडोसा उभारतो आणि सावलीत बसून राहतो, शहराचं पुढे काय होतंय ते बघत.

हे चित्र मला अलीकडे झोपू देत नाही. गावाबाहेर, सुरक्षित अंतरावर, सावली करून, शहर कधी कोसळतंय याची वाट बघत बसलेला देवाचा माणूस. आता त्याच्या हातात एक फोन द्या.

देव त्याच्या डोक्यावर एक वेल वाढवतो, योना खूष होतो. दुसऱ्या दिवशी किडा वेल खातो, वेल वाळतो, ऊन डोक्यावर येतं, आणि योना मरण मागतो. ज्याला सबंध शहराचं काही वाटलं नव्हतं तो एका वेलासाठी रडतो. पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर. ज्यांना उजव्या-डाव्या हाताचा फरक कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं त्या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये काय? योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. शेवटी गुरंढोरं कशाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. आता वाटतं, ज्याच्याजवळ नुसते विषय उरलेत त्याला देव डोकी मोजून दाखवतोय. माणसांची, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जनावरांचीही.

प्रार्थनेत ‘ते’ आणि ‘आम्ही’ या दोन शब्दांनी किती फरक पडतो हे मला दानीएलाच्या नवव्या अध्यायात कळलं. दानीएलाचे शत्रू त्याच्यात खोट काढायला टपले होते, त्यांना ती सापडली नाही. असा माणूस आपल्या लोकांच्या अधोगतीबद्दल प्रार्थना करायला बसतो आणि म्हणतो, आम्ही पाप केलं, आम्ही कुटिलपणे वागलो, आम्ही तुझ्या संदेष्ट्यांचं ऐकलं नाही. ‘त्यांनी’ म्हणायची त्याला पूर्ण मुभा होती. ज्या पापांपायी ते लोक परदेशी बंदिवासात गेले ती घडली तेव्हा तो कोवळा मुलगा असणार. नहेम्याही तसाच, मी आणि माझ्या वडिलांच्या घराण्याने पाप केलं, असं म्हणत रडतो. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘माझा’ हा शब्द कुठे नाही. आमच्या पित्या, आमची रोजची भाकर, आमची ऋणं. ‘त्यांची ऋणं’ असाही शब्द नाही. आमचे जे ऋणी आहेत त्यांना आम्ही सोडलंय, म्हणून आम्हाला सोड. ही प्रार्थना मी लाख वेळा तरी म्हटली असेल, आणि तिच्यातून बाहेर पडून लगेच ‘त्यांच्या’ तक्रारीला लागले असेन.

याउलट लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस. इतर माणसं लुटारू, अधर्मी, व्यभिचारी आहेत, तसा मी नाही, म्हणून तो देवाचे आभार मानतो. लक्षात घ्या, तो खोटं बोलत नाहीये. तो खरंच आठवड्यातून दोनदा उपास करतो, खरंच दशमांश देतो. बाहेरच्या जगात लुटारू आणि व्यभिचारी खरंच आहेत. माहिती अचूक आहे. मागे दूर उभा असलेला जकातदार मात्र वर बघायलाही धजत नाही, छाती पिटत एकच वाक्य बोलतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत याच वाक्याच्या धर्तीवर, येशूचं नाव घेऊन, श्वासासोबत म्हणायची प्रार्थना तयार झाली आणि संन्यासी ती दिवसभर म्हणत राहिले. परूशाच्या प्रार्थनेवरून अशी काही परंपरा झाली नाही. तिला परंपरेची गरज नसते, ती आपोआप येते.

जगाच्या अधोगतीला कंटाळून इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या तपस्व्यांच्या गोष्टींत मोझेसची एक गोष्ट आहे. हा मोझेस आधी दरोडेखोर होता. एका बंधूच्या हातून काही अपराध घडला, त्याचा निवाडा करायला सगळे जमले. मोझेस येईना. निरोप गेला तेव्हा निघाला, पण एक गळकं भांडं पाण्याने भरून सोबत घेतलं. लोक म्हणाले, बाबा, हे काय? तो म्हणाला, माझी पापं माझ्यामागे गळत चालली आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. सभा तिथेच संपली. ही माणसं शहरातली घाण मागे टाकून वाळवंटात आली होती. आणि तिथे, जिथे चोरण्यासारखं काही नव्हतं की लोभ धरण्यासारखं काही नव्हतं, तिथेही त्यांच्या मागे वाळूत एक ओली रेघ उमटत होतीच.

मग नुसती आपली पापं मोजत बसायचं का, बाहेर जे चाललंय त्याकडे डोळेझाक करायची का, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की तुम्ही कितीही विनवण्या केल्या तरी मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्ताने भरलेत, आधी वाईट करणं सोडा, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. प्रार्थना ही हात न हलवण्याची सबब होऊ शकते, हे देवाला ठाऊक आहे. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात संत निकोलसच्या चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना होत असे. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी तिथून आणि आसपासच्या चर्चमधून बाहेर पडलेल्या लोकांना रस्त्यावरचे लोक मिळत गेले आणि सुमारे ७०,००० माणसं हातात मेणबत्त्या घेऊन सशस्त्र पोलिसांसमोरून चालत गेली. गोळी सुटली नाही. महिन्याभराने बर्लिनची भिंत उघडली. प्रार्थनेने भिंत पडली असं मी म्हणणार नाही, राजकारणाची आणि अर्थकारणाची कारणं पुष्कळ होती. मला त्या गोष्टीतली मधली वर्षं जास्त ओढ लावतात. जेव्हा काही सोमवारी त्या भल्यामोठ्या चर्चमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं असत. त्यातल्या कुणाला १९८९ दिसत नव्हतं. तरी पुढचा सोमवार आला की ते येत.

आता माझं सांगते.

मी हिशेबाच्या कामात आहे. दर महिनाअखेरीला गोदामातल्या मालाची प्रत्यक्ष मोजणी करून नोंदवहीत सही करायची असते. एका महिन्यात ती मोजणी राहून गेली. कामं होती, माणसं कमी होती, कारणं सगळी खरी. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला नोंदवही माझ्यासमोर आली. घेऊन आला तो आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा, त्याची पहिलीच नोकरी. मागच्या महिन्याचे आकडे उतरवून झाले होते, सहीची जागा मोकळी होती.

‘मॅडम, तारीख आजची टाकू का?’ त्याने विचारलं.

‘आजची नको रे, एकतीसची टाक. मोजणी एकतीसलाच असते.’

‘पण आपण मोजलं तर नाहीये.’

‘अरे, सगळीकडे असंच चालतं. टाक तू.’

त्याचं पेन क्षणभर कागदाच्या वर अधांतरी थांबलं. मी ते पाहिलं. मग त्याने एकतीस लिहिलं आणि मी शेजारी सही केली. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. एक पैसा कुणी खाल्ला नाही. संध्याकाळपर्यंत मी विसरूनही गेले.

वह्या चाळताना मी सहज नऊ तारखेचं पान काढलं. त्या सकाळी मी दोन गोष्टींसाठी प्रार्थना केली होती. भ्रष्टाचार. तरुण पिढी.

मी ते पान बराच वेळ बघत बसले. माझ्या ओळखीत तरुण पिढी म्हणजे कोण? रोज आठ तास माझ्या टेबलापासून सहा फुटांवर बसणारा एक मुलगा. तिची घसरण कोण करतंय, म्हणून मी देवाकडे दाद मागत होते. जहाजाच्या फळ्यांखालचा आवाज मला वर ऐकू येत नव्हता. तीन महिने त्या मुलाचं नाव माझ्या कोणत्याच पानावर नव्हतं. त्याला प्रामाणिकपणाचा पहिला प्रश्न पडला तेव्हा तो त्याने माझ्यासमोर मांडला, आणि मी त्याला उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. वहीत ‘तरुण पिढी’वर काट मारली आणि त्याचं नाव लिहिलं. प्रार्थनेला बसले. ‘प्रभू, या मुलाला...’ एवढं म्हणून थांबले. या मुलाला काय? प्रामाणिक ठेव? त्याला तसं ठेवण्याची एक संधी माझ्याकडून येऊन गेली होती. वाक्य पुढे जाईना. शेवटी जकातदाराचं वाक्य तेवढं म्हटलं आणि उठले. ऊब वगैरे काही वाटली नाही. हलकंही वाटलं नाही.

सोमवारी मी साहेबांना जे झालं ते लिहून दिलं. ते वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘इतकं काय त्यात? उगाच वाढवताय,’ म्हणाले, पण नव्याने मोजायला हरकत नाही म्हणाले. बाहेर येऊन मी त्या मुलाला सांगितलं की त्या दिवशी मी तुला चुकीचं करायला लावलं, आज आपण दोघं मोजायला जाऊ.

त्याने वर न बघताच म्हटलं, ‘मी विचारलं होतं मॅडम तुम्हाला.’

‘हो. विचारलं होतंस.’

गोदामात धूळ फार होती. तो वरच्या फळीवरून आकडे सांगत होता, मी खाली उतरवून घेत होते. मोजणी संध्याकाळपर्यंत चालली. वहीत होते त्यापेक्षा दोन खोकी कमी भरली, कधी आणि कशी गेली हे कुणालाच सांगता येईना. तेही लिहिलं. मग जुन्या नोंदीवर एक आडवी रेघ मारून, खाली नवीन ओळीत मी सही केली आणि नोंदवही त्याच्याकडे सरकवली. त्याने पेन उघडलं, कागदावर टेकवायच्या आधी पुन्हा तसंच अधांतरी धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘मॅडम, आज तारीख कोणती?’

तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, हे मला अजूनही कळलेलं नाही.